बरी झालेली कोंबडी बाकीच्यांत परत सोडताना

कोंबडी आजारी पडली की तिला वेगळी काढायची, हे कुणाला सांगावं लागत नाही. बरी झाल्यावर तिला परत कशी सोडायची, हा प्रश्न मात्र बहुतेकांना पडतो तो ती सोडून झाल्यावर, तिच्या तुऱ्यातून रक्त ओघळायला लागल्यावर.

गावाकडच्या माणसांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "सोडा हो ताई सरळ. भांडतील भांडतील नि गप होतील." मुळशी-भोरकडे कोंबड्या दिवसभर उकिरड्यावर, गोठ्यात, कुंपणाच्या कडेनं फिरतात आणि रात्री तेवढ्या डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, येतात. तिथे हा सल्ला बरोबरच आहे. मार खाल्लेली पळून जाते, मारणारीला थोडा पाठलाग करून कंटाळा येतो आणि दोन-चार दिवसांत विषय संपतो. पण पुण्यात सहकारनगरच्या बंगल्यामागच्या बोळात किंवा धायरीच्या गच्चीवर, सहा बाय चार फुटांच्या पिंजऱ्यात, ती पळणार कुठे? म्हणून शहरात हे काम मुख्यतः जागेचं आहे. आणि त्याची तयारी कोंबडी बाहेर काढतो त्या दिवसापासून करायची असते, सोडायच्या दिवशी नाही.

भांडण नेमकं कशावरून होतं

कोणी कोणाला टोचायचं आणि कोणी मुकाट्यानं बाजूला व्हायचं, हे प्रत्येक खुराड्यात ठरलेलं असतं. नॉर्वेच्या थोरलेफ श्येल्डेरुप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्या न्याहाळायचा नाद होता. त्यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला हा क्रम पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीनं मांडला. क्रम एकदा बसला की भांडणं वाढत नाहीत, उलट कमी होतात. वरच्या कोंबडीनं नुसती मान ताठ केली तरी खालची सरकते, टोचायची वेळच येत नाही.

एक कोंबडी निघून गेली की तिची जागा तिच्यासाठी राखून ठेवली जात नाही. खालच्या वर सरकतात. ती परत आली की सगळी घडी पुन्हा मोडते, आणि ज्या कोंबडीला नुकतीच बढती मिळाली आहे ती सर्वांत जोरात तुटून पडते. त्यात कोंबड्या एकमेकींना ओळखतात ते बरंचसं डोक्यावरून, तुऱ्यावरून. आजारपणात तुरा फिका पडला, एका बाजूला कलला किंवा मानेची पिसं गेली, तर तुमच्या लेखी ती तीच असली तरी त्यांच्या लेखी कुणी परकी आत शिरलेली असते.

किती दिवस बाहेर होती, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. एक-दोन दिवसच असेल तर संध्याकाळी सरळ सोडा, फारसं काही होत नाही. आठवडा झाला असेल तर दोन-तीन दिवस जाळीआड ठेवून मग सोडा. दोन आठवडे उलटून गेले असतील तर ती नवीच आणली आहे असं समजून सगळ्या पायऱ्या करा. आणखी एक गोष्ट हमखास उलटी समजली जाते. आजारी पडण्याआधी जी सगळ्यांची म्होरकी होती तिचं परतणं सोपं जाईल असं वाटतं. बहुधा तिचंच सर्वांत अवघड जातं, कारण अंगात ताकद नसली तरी तिला वाकायचं ठाऊक नसतं. तळाची कोंबडी आली तशी अंग चोरून बसते आणि सुटते.

बाहेर काढतानाच परतीचा विचार

जखम, मुंगसाचा किंवा कुत्र्याचा चावा, पायाच्या तळव्याची गाठ, अंडं अडकणं यांपैकी काही असेल, म्हणजे पसरणारा रोग नसेल, तर तिला घरात बाथरूममध्ये नेऊन ठेवू नका. खुराड्यालाच लागून, बाकीच्यांना दिसेल अशी, जाळीचा पिंजरा ठेवून तिची सोय करा. अगदीच नाजूक अवस्थेत दोन-तीन दिवस घरात ठेवावंच लागतं, पण धोका टळला की लगेच बाहेर, नजरेसमोर. एवढं केलंत तर या लेखातलं निम्मं काम वाचतं. हिवाळ्यात उबेसाठी रात्रभर दिवा लावला असेल तर तो थोडा थोडा कमी करत बंद करा. आठवडाभर बल्बखाली झोपलेली कोंबडी जानेवारीतल्या दहा अंशांच्या रात्री एकदम बाहेर काढू नये.

पसरणारा रोग असेल तर नियम बदलतो. मग नजरेआड, दूर आणि तिच्याकडचा वारा बाकीच्यांकडे येणार नाही अशा बाजूला. खाणंपाणी आधी निरोगी कोंबड्यांचं करायचं, आजारी कोंबडीचं शेवटी, आणि तिच्याकडे जायची चप्पल व भांडी वेगळी ठेवायची. लक्षणं पूर्ण थांबल्यावरही किमान दोन आठवडे थांबा.

रोगागणिक थोडे फरक आहेत. देवी झाली असेल तर तुऱ्यावरच्या, डोळ्यांभोवतीच्या सगळ्या खपल्या गळून पडेपर्यंत थांबायचं आणि त्या झाडून जाळून टाकायच्या, कारण विषाणू खपलीत टिकून राहतो. ही देवी डासांमार्फतही पसरते, म्हणून पावसाळ्यात बाकीच्यांच्या लसीचं डॉक्टरांना विचारून घ्या. रक्ती हगवणीतून उठलेली कोंबडी त्याच ओल्या तुसावर परत सोडली तर तिला पुन्हा तेच होऊ शकतं; आधी जुनं तूस पूर्ण काढा, जमीन वाळवा, नवं तूस पसरा. घशात घरघर होणाऱ्या जुनाट सर्दीचं वेगळंच असतं. त्यातून बऱ्या झालेल्या कोंबड्या बाहेरून ठणठणीत दिसल्या तरी अंगात जंतू बाळगून राहू शकतात. जुन्या मैत्रिणींना तो संसर्ग बहुधा आधीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे तिला त्यांच्यात सोडायला हरकत नसते. धोका असतो तो त्यानंतर बाजारातून आणलेल्या नव्या तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना. मानमोडीतून (राणीखेत रोगातून) वाचलेल्या कोंबडीची मान पुष्कळदा वाकडीच राहते, तिला दाण्यावर नेम धरून चोच मारता येत नाही. अशी कोंबडी गर्दीत उपाशी मरते. तिला एखाद्या शांत जोडीदारणीबरोबर कायमची वेगळी ठेवणं, हेच मला योग्य वाटतं.

आणि एकाच वेळी दोन-चार कोंबड्या पटापट मेल्या, तर परत सोडण्याचा विषय बाजूलाच ठेवा. मेलेली कोंबडी उघड्या हातानं उचलू नका, कचऱ्यात टाकू नका, जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. पुण्याला सोय अशी की रोगनिदानाची सरकारी प्रयोगशाळा औंधलाच आहे.

ती खरंच बरी झाली आहे का

आपण थकलेलो असतो आणि पिंजरा धुऊन धुऊन कंटाळलेलो असतो, म्हणून ती बरी वाटायला लागते. हातानं तपासा. छातीचं मधलं हाड बोटांनी चाचपा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. हाड धारदार लागलं तर अजून आठवडाभर खाऊपिऊ घाला. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. ती एकटी असताना तिच्या भांड्यातून रोज किती संपतं हे वजनकाट्यावर मोजणं सोपं आहे. एकदा परत गेली की ते कधीच कळणार नाही. तुरा लालबुंद आणि गरम, विष्ठा बांधलेली, वर पांढरी टोपी असलेली, आणि रात्री झोपायच्या दांडीवर स्वतः उडून बसता येतंय, एवढं पाहा.

जखम असेल तर नुसती खपली धरणं पुरेसं नाही. खालची कातडी पूर्ण जुळलेली आणि त्यावर पिसं आलेली हवीत. इथे एक बारीक गोष्ट आहे जिच्याकडे कुणी बघत नाही. नवं पीस उगवतं तेव्हा ते निळसर काळ्या, टोकदार काडीसारखं दिसतं आणि त्या काडीच्या नळीत रक्त भरलेलं असतं. दुसरीनं तिथे एक चोच मारली की नळी फुटते, रक्त येतं, आणि लाल रंग दिसला की उरलेल्या सगळ्या तिथेच टोचायला धावतात. ती काडी टोकाकडून उलगडून पिसाचा पंखा मोकळा होईपर्यंत थांबाच. तांबूस दिसणारं आयोडिनचं औषधही सोडायच्या आदल्या दिवशी लावू नका. पाठीवर जखम झालेली असेल आणि खुराड्यात कोंबडा असेल, तर पाठ पिसांनी पूर्ण झाकल्याशिवाय त्याच्या जवळ नाही. पाठीवर चढताना त्याची नखं बरोबर त्याच जागी रुततात.

औषधं चालू असतील तर अंडी किती दिवस खायची नाहीत, हेही डॉक्टरांना आत्ताच विचारा. परत गेल्यावर तिची अंडी ओळखून वेगळी काढणं अवघड होऊन बसतं.

आधी खुराडं, मग कोंबडी

ती जाळीआड असतानाच जागेची फेररचना करून टाका. खाद्याचं भांडं एक असेल तर दोन करा, पाण्याचंही तसंच, आणि दोन्ही अशी ठेवा की एकापाशी उभ्या असलेल्या कोंबडीला दुसरं दिसणार नाही. नुसती शेजारी शेजारी मांडलीत तर एकच दांडगी कोंबडी दोन्हींवर राज्य करते. दांडीवर प्रत्येकीला आठ-दहा इंच जागा हवी, आणि सगळ्यांना एकाच उंचीची दांडी पुरली तर उत्तम.

मग आडोसे. मार्केट यार्डात मिळणारी फळांची जुनी लाकडी खोकी, मोडक्या दाराची फळी, वरून लोंबता सोडलेला पोत्याचा पडदा, काहीही चालतं. अट एकच, प्रत्येक आडोशाला दोन तोंडं हवीत. एका बाजूनं बंद असलेलं खोकं म्हणजे आसरा नव्हे, सापळा. त्यात शिरलेल्या कोंबडीचं डोकं सोलून निघालेलं पाहायला मिळतं. कोपऱ्यात एक फळी तिरकी टेकवली तरी मागून निघून जायला वाट होते. पाठलाग करणारीला समोरची क्षणभर दिसेनाशी झाली की ती बहुतेक वेळा दाणे टिपायला लागते.

दुभाजकासाठी अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे चौकोनी भोकांची जाड जोडतारेची जाळी घ्या, ती बोहरी आळीत हव्या त्या मापात कापून मिळते. षटकोनी भोकांची पातळ कोंबडजाळी दुभाजकाला कशीबशी चालेल, पण बाहेरच्या बाजूला नको. मुंगूस आणि भटकी कुत्री तिला जुमानत नाहीत.

हे सगळं कधी करायचं? मे महिन्याच्या भर उन्हात नको, कोंबड्या आधीच तोंड वासून धापा टाकत असतात. दिवाळीतल्या फटाक्यांच्या दिवसांत नको. तुमच्या गल्लीत ढोल-ताशा पथकाचा सराव चालू असेल तर तोही संपू द्या. आणि खुराड्यात पिल्लांची आई असेल तर तिला आधी पिल्लांसकट वेगळी करा. तिच्याशी कुणाचंच जमत नाही.

जाळीआडचे दिवस

पूर्ण पद्धतीत इथे साधारण आठवडा जातो. जाळीच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला बाकीच्या. खाद्याची भांडी पहिल्या दिवशी जाळीपासून जरा दूर ठेवा, मग रोज थोडी थोडी जवळ आणा, शेवटी दोन्हीकडच्या जाळीला टेकूनच खातील अशी. मेथीची जुडी किंवा कोबीचा पाला जाळीतच खोचून ठेवला तर दोन्ही बाजूंनी ओढाताण करत खातात आणि भांडायचं विसरतात.

पहिल्या दिवशी मानेची पिसं फुलवून जाळीवर छाती आपटणं चालेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते कमी व्हायला हवं. जाळीला टेकून कुणी पिसं साफ करत बसली, किंवा दोघी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी मातीत लोळल्या, की समजा काम होत आलं. आठवडा संपला तरी कुणी एक दिवसभर जाळीपाशी येऊन तिच्यावर झेपावत असेल तर तिचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आठवड्याच्या मध्यावर एक गोष्ट करा, मला ती बाकी सगळ्या युक्त्यांपेक्षा भरवशाची वाटते. खुराड्यातली सर्वांत गरीब स्वभावाची कोंबडी उचला आणि जाळीअलीकडे हिच्या सोबतीला आणून ठेवा. दोघींचं एक-दोन दिवसांत जमतं. मग परत जाताना हिला एकटीला जावं लागत नाही, आणि बाकीच्यांचा रागही दोघींत वाटला जातो.

पहिली भेट

दिवस मावळायच्या तास-दीड तास आधी, आणि खुराड्याच्या आत नाही, बाहेर मोकळ्यात. अंगण, बोळ, गच्चीचा कठडा असलेला भाग, जे असेल ते. ज्वारी-बाजरी दूर दूर फेका, म्हणजे सगळ्या माना खाली घालून पांगतील. मग जोडीला हळूच सोडा. अंधार पडायला आल्यावर कोंबड्यांचं लक्ष झोपायच्या जागेकडे लागतं, म्हणून भांडण आपोआप आवरतं. रोज संध्याकाळी असं दोन-तीन दिवस करा, रात्री दोघींना परत जाळीआड घ्या. पावसाची झड लागली असेल आणि मोकळ्यात सोडणं शक्यच नसेल, तर घाई न करता जाळीआडचा मुक्काम वाढवा.

या वेळी मोबाइल बाजूला ठेवून बघत बसायचं आहे. काय काय दिसेल ते सांगते. एक कोंबडी मान उंच करून तिरकी उभी राहील. नवी, म्हणजे आपली परत आलेली, तिच्याकडे न बघता दाणे टिपायचं नाटक करेल. मग एक टोच, डोक्यावर किंवा मानेवर. नवी अंग खाली घालून बाजूला झाली की झालं, हिशेब मिटला. दोघी समोरासमोर उडून छातीला छाती भिडवतात तेव्हा पाहणाऱ्याचा जीव वर येतो, पण हेसुद्धा काही सेकंदांत संपत असेल तर हात घालू नका. आपण मध्ये पडलो की निकाल लागत नाही, आणि न लागलेला निकाल उद्या पुन्हा मागितला जातो.

मध्ये पडायचं ते अशा वेळी: रक्त दिसलं, एकीला खाली दाबून धरून डोक्याच्या एकाच जागी सतत टोचणं चाललंय, दोन-तिघी मिळून एकीला कोपऱ्यात घेताहेत, किंवा ती डोकं कुठेतरी खुपसून हलेनाशी झाली आहे. हातानं ओढू नका, सुपानं किंवा पुठ्ठ्यानं मध्ये आडोसा करा आणि मग उचला.

रात्र आणि पहाट

झोपल्यावर अंधारात नेऊन दांडीवर ठेवली की सकाळी कुणाला काही कळत नाही, असं पुष्कळजण सांगतात. सकाळी त्यांना बरोबर कळतं. रात्रीची ही युक्ती उपयोगी आहे, पण वरच्या सगळ्या पायऱ्या झाल्यावर, शेवटची म्हणून. तिला तिच्या सोबतिणीशेजारी, दांडीच्या टोकाला ठेवा, मध्यभागी नको.

खरी परीक्षा पहाटे असते. उजाडल्यावर खुराड्याचं दार बंदच असेल तर अर्धा तास त्या कोंडलेल्या जागेत काहीही होऊ शकतं. पुण्यात जूनमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं, जानेवारीत सूर्य उगवायला सात वाजून जातात. पहिले दोन-तीन दिवस त्याआधी तिथे उभं राहायचं, दार उघडायचं आणि दाणे लांब फेकायचे. शनिवार-रविवारी फार्महाऊसवर जाणाऱ्यांनी हे काम तिथल्या राखणदार काकांवर सोपवून पुण्याला परतायचं असेल तर आधी त्यांना सगळं समोर करून दाखवा, फोनवर सांगून होत नाही.

पुढचे आठ-दहा दिवस रोज रात्री एक तपासणी. ती दांडीवर बसली की उजव्या हाताची बोटं तिच्या छातीच्या वरच्या भागाखाली, तिच्या किंचित उजवीकडे घाला. दाण्यांनी भरलेली पिशवी हाताला लागली पाहिजे, लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी, दाबली तर दबणारी. पिशवी रिकामी लागली तर दिवसभर तिला कुणी भांड्याला शिवू दिलेलं नाही, दिवसा सगळं कितीही शांत दिसलं असेल तरी. मग सकाळी तिला तासभर वेगळी घेऊन पोटभर खाऊ घाला आणि भांड्यांच्या जागा बदला.

एकीचं जमतच नसेल तर

दोन-तीन दिवसांनंतरही छळ चालूच असेल तर नीट बघा, बहुतेक वेळा तो सगळ्यांचा नसतो, एकीचाच असतो. तीच, जाळीवर झेपावत होती ती. आता बरी झालेलीला परत बाहेर काढू नका, त्या दांडगीला काढा. चार-पाच दिवस पूर्ण नजरेआड, दुसरीकडे. तेवढ्या वेळात आतली घडी हिच्यासकट बसते, आणि दांडगी परतते तेव्हा नवखी तीच असते. शिक्षा म्हणून नव्हे, फक्त क्रम हलवायला. तिचंही खाणंपाणी, सावली व्यवस्थित ठेवा.

काही खुराड्यांत यानंतरही जमत नाही, विशेषतः जागा मुळात कमी असेल तर. तिथे युक्त्या वाढवण्यापेक्षा कोंबड्या कमी करणं किंवा पिंजरा वाढवणं, एवढंच उरतं. आतल्या भागात प्रत्येकीला चार चौरस फूट आणि बाहेर फिरायला आठ-दहा चौरस फूट, याखाली शांतता टिकत नाही.

जमलं तर अंड्यांची घाई करू नका. आजारपण आणि नंतरची ही उलथापालथ यात काही आठवडे ती अंडी देणारच नाही, पिसं नव्यानं येत असतील तर आणखी उशीर. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा आणि अंड्याची पेटी तिच्या वाटेला येते आहे ना, तेवढं बघा. दोन पेट्या असतील आणि दांडगी एकीत तासन् तास बसून राहत असेल, तर तिसरं खोकं ठेवून द्या.